जुन्या लेखाखाली नवे संबंधित लेख का दिसत नाहीत?

प्रश्न: ह्यूगोवर (साध्या मजकूर-फाइलींपासून संकेतस्थळ तयार करणारे साधन) चालणाऱ्या माझ्या संकेतस्थळावर लिनक्समधील फाइल-परवानग्या, क्रॉन (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणारी सोय), एसएसएच (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडून घेण्याची सोय) असे वर्षानुवर्षे उपयोगी पडणारे लेख आहेत, परंतु जुन्या लेखाच्या ‘संबंधित लेख’ यादीत नवा लेख कधीच येत नाही. असे का होत असावे?

उत्तर १: ह्यूगोच्या संबंधित लेखांच्या सेटिंगमधला ‘इन्क्लूडन्यूअर’ हा पर्याय मुळात बंद असतो, त्यामुळे नंतर प्रसिद्ध झालेले लेख वगळले जातात. तो चालू करून तारखेचा निकष काढून टाकावा. फाइलीच्या परवानग्या ठरवणाऱ्या ‘सीएचमॉड ७५५’ या आज्ञेचा अर्थ काही तारखेनुसार बदलत नाही.

उत्तर २: सहमत. मात्र सरसकट ‘लिनक्स’ हाच टॅग असेल, तर सगळेच लेख सारखे संबंधित ठरतात आणि उपयोग शून्य.

उत्तर ३: सगळी भिस्त यादीवर ठेवू नये. खासगी किल्ली (ओळख पटवणारी गुप्त फाइल) इतरांनाही वाचता येत असेल, तर एसएसएच ती नाकारते. हे जिथे लिहिले आहे, त्याच वाक्यात परवानग्यांच्या लेखाचा दुवा हाताने द्यावा.