गोगलगाय, शंखी, शेंबी : नेमकं कशाला काय म्हणायचं?

प्रश्न :
आमच्या औसा-निलंगा भागात सोयाबीन उगवून आलं की गोगलगायीचे फोटो सुरू होतात. कोणी नुसतं 'शंखी' म्हणायलंय, कोणी 'शेंबी', आणि खाली सगळ्यांना एकच औषध सांगायलेत. हे तिन्ही शब्द एकाच जिवाचे का? आणि फोटोतल्या सगळ्या एकाच जातीच्या असतात का?

उत्तर :
नाही दादा, वेगवेगळे आहेत. गोगलगाय हे सगळ्या खानदानाचं नाव. पाठीवर शंख असला की शंखी, शंख नसलेली उघडी बुळबुळीत ती शेंबी. शब्द म्हणून बघितलं तर शंख असलेली कुठलीही गोगलगाय शंखीच, पण 2022 च्या जुलैत लातूर, बीड, धाराशिवला कोवळं सोयाबीन फस्त झालं, लोकांना दुबार पेरावं लागलं, तेव्हापासून आपल्याकडं शंखी म्हणलं की आफ्रिकनच डोळ्यापुढं येते. म्हणून माझं म्हणणं, लिहिताना 'आफ्रिकन शंखी' असं पूर्ण लिहा. शास्त्रीय नाव लिसाचॅटिना फुलिका, जुन्या पुस्तकात अकॅटिना फुलिका सापडंल. मूळची पूर्व आफ्रिकेची, 1847 ला बेन्सन नावाच्या इंग्रजानं मॉरिशसहून कलकत्त्याला आणून सोडली.

उत्तर :
आफ्रिकन शंखी कशी ओळखायची म्हणता, तर मोठी असली की ओळखायला काही अवघड नाही ताई, लांबट निमुळता शंख, बोटापेक्षा मोठा. घोळ होतो तो पिल्लात, कारण पावसाळ्यात बांधावर आपल्या देशी गोगलगायी पण तेवढ्याच असतात. शंख उचलून पट्टे कुठल्या दिशेनं गेलेत ते बघा. आफ्रिकनचे तपकिरी पट्टे वेढ्याला आडवे, वाकडेतिकडे ओघळल्यासारखे असतात. क्रिप्टोझोना नावाच्या देशी गोगलगायीचा शंख चपटा-गोल, आणि त्याच्यावरची काळपट पट्टी वेढ्याच्या बरोबरीनं फिरत जाते. मॅक्रोक्लॅमिस ही दुसरी देशी गोगलगाय तर अजून चपटी, पातळ, चकचकीत, तिला पट्टेच नसतात. तरी शंका राहिली तर शंख उलटा करून तोंडात बघा, मधला दांडा खाली कापल्यासारखा तुटक दिसला तर आफ्रिकन. ही खूण पिल्लात पण दिसते, म्हणून फोटो टाकताना तोंडाच्या बाजूचा एक टाकाच, नुसत्या पाठीच्या फोटोवर कोणी जात सांगू नये असं मला वाटतं. आणि हातात ग्लोव्हज किंवा पिशवी घालूनच धरा, तिच्या अंगात उंदराच्या फुफ्फुसातल्या जंताची पिल्लं असू शकतात, तो जंत माणसाच्या मेंदूपर्यंत जातो.

प्रश्न :
मग तळ्यातली? तिला तर तोंडाला झाकण असतं. उन्हाळ्यात बांधाच्या दगडाखाली सापडली तिलापण पांढरं झाकण होतं.

उत्तर :
ही दोन झाकणं निराळी आहेत भाऊ. तळ्यातल्या 'पायला' नावाच्या गोगलगायीचं झाकण तिच्या पायालाच जोडलेलं, जन्मभराचं. आफ्रिकनचं पांढरं असतं ते चुन्याचं पापुद्र्यासारखं, उन्हाळा काढायला ती स्वतःच तोंड बंद करून घेते, पाऊस पडला की ते गळून पडतं. तिला झाकण म्हणू नये, पडदा म्हणावं, नाहीतर वाचणारा तिला पाण्यातली समजतो. पेरणीच्या आधी दगडाखालच्या अशा पडदेवाल्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकल्या तर लई काम हलकं होतं, कारण पाऊस लागला की तीच मातीत साबुदाण्याएवढी अंडी घालते, एका खेपेला शंभराच्या वर, आणि नर-मादी एकाच अंगात असल्यामुळं प्रत्येक मोठी गोगलगाय अंडी घालणारीच धरा.

प्रश्न :
'गोगलगाय अन् पोटात पाय' म्हणतात ते खरं का मग?

उत्तर :
शंभर टक्के. म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या आतल्या गाठीच्या माणसाला लावतो, पण जिवाबद्दलपण ती बरोबर आहे. पोटाचा सगळा तळ म्हणजेच पाय, त्याच्यावरच सरकते. प्राणिशास्त्राच्या मराठी पुस्तकात या वर्गाला 'उदरपाद' म्हणतात, त्यात तळ्यातली, बांधावरची, शेंबी, सगळ्या आल्या.