यासुनीचा कौल लागला, अंमल कुठे आहे?

‘श्रीमंत देशांनी पैसे दिले असते तर इक्वादोरमधलं, अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलं यासुनी राष्ट्रीय उद्यान वाचलं असतं’ हे मला अर्धंच पटतं. तेल जमिनीतच ठेवण्याच्या मोबदल्यात २००७ साली मागितलेल्या रकमेतला नगण्य वाटाच मिळाला आणि २०१३ मध्ये सरकारने योजना गुंडाळली, हे खरं. पण ऑगस्ट २०२३ च्या सार्वमतात सुमारे ५९ टक्के मतदारांनी तिथल्या ४३ क्रमांकाच्या क्षेत्रातला तेलउपसा थांबवायला सांगितलं! न्यायालयाने दिलेली वर्षभराची मुदत संपली तरी बहुतेक विहिरी चालूच होत्या. बाहेरच्यांपासून स्वेच्छेने दूर राहणाऱ्या ‘तागाएरी’ आणि ‘तारोमेनाने’ या तिथल्या आदिवासी जमातींच्या लोकांना साधा फ्लूही जीवघेणा ठरू शकतो. त्यांच्या जंगलालगत नवा रस्ता होणं मला तेलगळतीइतकंच भयंकर वाटतं, कारण त्याच रस्त्याने लाकूडतोडे आत शिरतात.