गाडी दारातच अडली: काय वाटलं होतं आणि निघालं काय?

गेल्या गुरुवारी सकाळी सात वाजता मोटरसायकल सुरू होईना. बटण दाबलं, काही नाही. मग किक. तीस-चाळीस किका मारल्या, शर्ट घामाने भिजला, स्पार्क प्लग काढून पॉलिश पेपरने घासला, परत लावला, परत किका. वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून "पेट्रोल आहे ना?" असं दोनदा विचारून गेले. (आहे हो काका.) शेवटी दप्तर लावून ताटकळलेली लेक म्हणाली, "बाबा, ते लाल बटण रोज असंच असतं का?" किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण! आदल्या संध्याकाळी शेजारचं चार वर्षांचं पोर गाडीवर बसून भुर्र भुर्र करत होतं, त्याचा प्रताप.

तर तुमचेही अनुभव येऊ द्या. घरातून निघताना गाडी अडली तेव्हा आधी काय वाटलं, काय काय तपासलं आणि खरं कारण काय निघालं? फसलेले तर्क आवर्जून लिहा. माझा प्लग त्या दिवशी उगाच चकाचक झाला, तेवढाच फायदा.

ठाण्याहून

आमची पेट्रोल कार. किल्ली फिरवली की नुसतं टकटकटकटक, आणि डॅशबोर्डवरचे दिवे लुकलुकायचे. बॅटरी तीन वर्षांची, त्यामुळे ती गेली हे मी ठरवूनच टाकलं. नवीन मागवायला फोन हातात घेतला तेवढ्यात सासरे मल्टिमीटर (व्होल्ट, करंट मोजायचं यंत्र) घेऊन खाली आले. आयुष्यभर इलेक्ट्रिकलमध्ये नोकरी केलेला माणूस, असा मोका थोडाच सोडणार!

बॅटरी 12.5 व्होल्ट दाखवत होती. पूर्ण भरलेली असेल तर 12.6च्या आसपास येतात, 12च्या खाली गेली की उतरली समजायचं. म्हणजे आमची ठीकच होती. मग सासऱ्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्याच खुंटावर आवळलेल्या क्लॅम्पवर धरली, आणि मला सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) मारायला सांगितलं. दोन्ही एकमेकांना चिकटलेल्या वस्तू, मीटरवर जवळपास शून्य यायला हवं. आले तीन व्होल्ट! म्हणजे वीज बॅटरीतून निघत होती आणि त्या सांध्यातच अडत होती.

क्लॅम्प काढला तर आत पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड. दहाचा पाना, आधी मायनस काढायचा आणि लावताना तो शेवटी. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ओतला, फसफसून सगळं निघालं. कोरडं केलं, घासलं, आवळलं, वरून व्हॅसलीन. पहिल्या सेल्फला गाडी चालू. खर्च शून्य रुपये. पण त्यानंतर महिनाभर घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ही गोष्ट ऐकावी लागली.

नाशिकहून, गॅरेजवाला

ताई, तुमच्या सासऱ्यांना माझ्याकडे पाठवा, नोकरी पक्की.

लोक फोन करून सांगतात, "गाडी चालू होत नाही." मी विचारतो, सेल्फ फिरतो का? त्यावर "म्हणजे काय?" अहो, सगळं त्यातच आहे. टकटकटक वाजलं तर करंट पुरत नाही: बॅटरी उतरली किंवा टर्मिनल ढिलं. एकदाच 'कट्' करून गप्प बसली आणि हेडलाइट जोरात लागतोय, तर सेल्फ किंवा त्याचा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) बघा. सेल्फ झकास फिरतोय पण इंजिन पकडत नाही, मग बॅटरीला बोल लावू नका, पेट्रोल किंवा स्पार्क यांच्यापैकी एकजण आलेला नाही. आणि काहीच आवाज नाही, तर आधी स्विच, साइड स्टँड, क्लच, गिअर. अर्ध्या गाड्यांचं कारण तिथंच मिळतं.

एक हात जोडून विनंती. सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, आणि दोन वेळांच्या मधे थांबा. चांगली बॅटरी मारून मग फोन करतात.

पुण्याहून

बटण स्टार्ट, ऑटोमॅटिक गिअर. सगळे दिवे लागतात, इंजिन ढिम्म. रिमोटचा सेल बदलला, काही नाही. बायको मागे उभी होती, म्हणाली, "ब्रेक दाबलास तरी मागचा लाल दिवा लागत नाहीये." ब्रेक पेडलचा स्विच गेला होता. ब्रेक दाबलाय हे गाडीला कळतच नव्हतं, मग ती कशाला सुरू होईल? ब्रेक लाइट बघायला एक माणूस मागे उभा करा, एवढंच सांगतो.

परभणी जिल्ह्यातून

कारचं चाललंय, आमचं ट्रॅक्टरचं ऐका. पेरणीचे दिवस. धाकट्या भावानं आदल्या रात्री डिझेल संपेपर्यंत चालवला अन् अंगणात आणून लावला. सकाळी कॅन भरून डिझेल ओतलं. सेल्फ मारतोय, मारतोय, धूरसुद्धा नाही. शेवटी बॅटरी पण बसली. भाऊ म्हणे डिझेलचा पंप गेला, तालुक्याला न्यावा लागतो.

आमच्या म्हाताऱ्यानं बाजेवरूनच सांगितलं, "एअर धरली त्यानं." टाकी रिकामी झाली की पाइपात हवा शिरते. पेट्रोलच्या गाडीत पेट्रोल ओतलं की चालतं बहुतेकदा, पण डिझेलचा पंप हवेला ढकलू शकत नाही, ती नुसती दाबली जाते अन् डिझेल पुढं सरकत नाही. फिल्टरवरचा बोल्ट थोडा ढिला केला, फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा) दट्ट्या हातानं मारत बसलो. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग डिझेलची सलग धार. धार आली की बोल्ट आवळायचा. नंतर इंजेक्शन पंपाच्या बोल्टावर तेच. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडली, दोन गचके दिले अन् झाला चालू. पंपाला काही झालं नव्हतं. भावाला मात्र दिवसभर म्हाताऱ्यानं सोडलं नाही.

चिपळूणहून

माझा अनुभव गाडी सुरू न करण्याचा आहे.

22 जुलै 2021चा पूर. आमच्या गल्लीत पाणी गाड्यांच्या बॉनेटवर गेलेलं. ओसरल्यावर चिखल उपसून झाला आणि आते भाऊ किल्ली घेऊन निघाला, "बघू तरी, चालू होते का." कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने अक्षरशः हात धरला. म्हणाला, बॅटरीची वायर आधी काढ. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही. हवा दाबली जाते, पाणी नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड, पिस्टनला जोडलेला दांडा.

त्याने चारही प्लग काढले, इंजिन पान्याने हाताने फिरवलं. दोन भोकांतून गढूळ पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या. ऑइल काढलं तर दूध घातलेल्या चहासारखं. ते बदललं, थोडं चालवून परत बदललं, मग तिसऱ्यांदा. सीट, वायरिंग यांचा खर्च झालाच, पण इंजिन वाचलं. समोरच्यांनी किल्ली फिरवली होती. विमा कंपनीने त्यांना पुराचं नुकसान दिलं, पण सेल्फ मारल्यामुळे मोडलेलं इंजिन त्यात धरलं नाही, इंजिनचं वेगळं विमा कव्हर घेतलेलं नव्हतं म्हणून.

डोंबिवलीहून

उंदीर. एवढा एकच शब्द पुरे, तरी लिहितो. सेल्फ फिरत होता, गाडी पकडत नव्हती. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा दोन सेकंद 'झूंऽ' असा आवाज यायचा, तो आला नाही. फ्यूज ठीक. बॉनेट उघडलं तर बॅटरीशेजारी अर्धी चपाती आणि कुरतडलेली वायर. तंबाखूच्या पुड्या ठेवून पाहिल्या. त्यांना तंबाखू आवडतो.

एडमंटनहून (कॅनडा)

पहिल्या हिवाळ्यात उणे तीस तापमान. रात्री ठणठणीत असलेली गाडी सकाळी कण्हायलाही तयार नाही. मी पुण्यातल्या सवयीने बॅटरीला दोष दिला. शेजाऱ्याने गाडीच्या जाळीतून लोंबणारी विजेची वायर दाखवली. ती कशाला असते हे मी चार महिने विचारलंच नव्हतं! ब्लॉक हीटर. रात्री प्लगला जोडायचा, इंजिन कोमट राहतं. गारठ्यात बॅटरीचा जोर निम्म्याहून कमी होतो आणि ऑइल काकवीसारखं घट्ट, म्हणजे दोन्हीकडून मार.

कोल्हापूरहून

माझं अजून सुटलेलं नाही. गाडी फक्त रविवारी काढतो. प्रत्येक रविवारी बॅटरी उतरलेली. नवीन घातली, तरी तेच. इंजिन चालू असताना 14.2 व्होल्ट येतात, म्हणजे चार्जिंग होतंय.

नाशिकहून, गॅरेजवाला

गाडी बंद असताना कोणीतरी वीज खातंय दादा. कुलूप लावून अर्धा तास थांबा. मग मायनसची वायर काढून बॅटरी आणि वायर यांच्या मधे मीटर लावा, पिन दहा अँपिअरच्या भोकात, आणि तसं असताना सेल्फ मारू नका. पन्नास मिलिअँपिअरच्या वर दाखवलं तर एकेक फ्यूज काढत जा. जो फ्यूज काढल्यावर आकडा एकदम खाली येईल, तिथला चोर.

कोल्हापूरहून

केलं. 0.3 अँपिअर दाखवतंय. दिवसाचे चोवीस तास, सहा दिवस, म्हणजे 43 अँपिअर-तास झाले, आणि बॅटरी 35 अँपिअर-तासांची! उतरणारच. सिगारेट लायटरचा फ्यूज काढल्यावर आकडा खाली आला. त्या सॉकेटला मेव्हण्याने भेट दिलेला डॅशकॅम आहे. आत्ताच काढून ठेवला. रविवारी सकाळी लिहितो.