मदत हवी आहे: फिटच्या गोळ्या आणि तिसरा महिना

मी २९ वर्षांची, सांगलीजवळच्या गावात राहते. दहावीपासून फिट येतात. आधी व्हॅल्प्रोएट चालू होतं. त्याने बाळाच्या मणक्याला आणि बुद्धीला धोका असतो, म्हणून दिवस राहण्याच्या वर्षभर आधीच न्यूरॉलॉजिस्टनी हळूहळू बदलून लॅमोट्रिजिन सुरू केलं. सोबत फॉलिक ॲसिड ५ मिग्रॅ. दीड वर्ष एकही फिट नव्हती.

गेल्या मंगळवारी आली. ओट्याशी उभी होते, हातातलं पातेलं खाली पडलं एवढंच आठवतं. शुद्ध आली तेव्हा सासूबाई नाकाशी कांदा धरून बसल्या होत्या, जीभ चावलेली. पोटावर पडले नाही, सोनोग्राफी ठीक आहे.

डॉक्टर म्हणाले, गरोदरपणात शरीर हे औषध लवकर बाहेर टाकतं, रक्तातलं प्रमाण उतरतं. डोस वाढवलाय. घरी मात्र सगळे म्हणतात, नऊ महिने गोळ्या बंदच ठेव. मला ते पटत नाही, अचानक बंद केलं तर लागोपाठ फिट येऊ शकतात. पण रोज तेच ऐकून रडू येतं.

ज्या या औषधावर बाळंत झाल्या त्यांनी सांगा ना: रक्तातली पातळी दर महिन्याला तपासली का? सांगली-कोल्हापूर भागात ती कुठे होते? सकाळी गोळीनंतर लगेच उलटी झाली तर तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? बाळंतपणानंतर डोस कधी कमी केला? अंगावर पाजलंत का? आणि घरच्यांना कसं समजावलंत, हेही सांगा.