ख्रिस्तजन्म तर होऊन गेला; मग उद्याच्या चिंतेला त्याचा आधार कसा?

प्रश्न: पुण्यातील शिक्षिका

सर्वांना सलाम. नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला आहे आणि आमच्या मंडळीत नेहमीप्रमाणे ‘इम्मानुएल, म्हणजे आम्हांबरोबर देव’ या वचनावर उपदेश चालू आहेत. उपदेश चांगले असतात. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही.

माझ्या यजमानांचा आजार दीर्घ उपचारांनंतर आटोक्यात आला आहे, असे डॉक्टर सांगतात. मात्र दर तीन महिन्यांनी स्कॅन करावा लागतो आणि तो झाल्यापासून अहवाल हाती येईपर्यंत आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलतसुद्धा नाही. मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाचा विषय काढला, की ‘पुढच्या स्कॅननंतर बघू’ असे हे म्हणतात. सासूबाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया, गावच्या घराच्या छपराची डागडुजी, सारे काही त्या एका वाक्यापाशी येऊन अडते.

पुनरुत्थानातून आशा मिळते हे मला समजते, कारण मरण हा शेवट नाही असे ते सांगते. पण देहधारण ही होऊन गेलेली गोष्ट आहे आणि आशा तर पुढे यायच्या गोष्टीची असते. बेथलेहेमात देव मनुष्य झाला यावर माझा विश्वास आहे. परंतु अहवालाची वाट पाहणाऱ्या माणसाला त्यातून नेमके काय मिळते? ‘देव आपल्याबरोबर आहे’ याच्या पुढे जाऊन कोणी सांगू शकेल का? आजार येण्याआधीही तो बरोबर होताच की.

उत्तर: निवृत्त पाळक, अहिल्यानगर

ताई, आपला प्रश्न योग्य आहे आणि तो नवा नाही. पहिल्या काही शतकांत मंडळीने जे वाद घातले, त्यांपैकी निदान दोन याच प्रश्नाच्या अगदी जवळचे आहेत.

इ. स. 325 मध्ये निकेया येथे भरलेल्या परिषदेने पुत्र हा निर्माण केलेला नसून खरा देव आहे, असे ठरवले, हे आपल्याला ठाऊक असेलच. त्यानंतरचा वाद आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. लावदिकीयाचा बिशप अपोलिनारिस हा निकेयाचा कट्टर समर्थक होता. ख्रिस्ताचे देवत्व जपण्याच्या भरात तो असे शिकवू लागला, की येशूचे शरीर मनुष्याचे होते, पण मनाच्या जागी साक्षात देवाचा शब्द, म्हणजे स्वतः पुत्र, होता. वरवर पाहता हे भक्तिभावाचेच बोलणे वाटते. परंतु मनुष्याचे मन नसेल, तर मनुष्याची धास्तीही नसणार. तो थकला असेल, त्याला तहान लागली असेल, पण ‘उद्या काय होईल’ हे ओझे त्याने कधी वाहिलेलेच नसेल. नाझियांझसचा ग्रेगरी याने त्यावर दिलेले उत्तर आजही उद्धृत केले जाते: ख्रिस्ताने मनुष्यपणातील जे स्वतःवर घेतले नाही, ते बरेही झाले नाही. 381 च्या कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदेने अपोलिनारिसची शिकवण नाकारली.

म्हणून मार्काच्या तेराव्या अध्यायातील ते वाक्य मला पूर्वी अवघड वाटे, पण आता मोलाचे वाटते. जगाच्या शेवटच्या त्या दिवसाविषयी आणि घटकेविषयी पित्यावाचून कोणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही आणि पुत्रालाही नाही, असे येशू स्वतः म्हणतो. यावर टीकाकारांनी आजवर पानेच्या पाने खर्ची घातली आहेत आणि बहुतेकांनी वाक्याची धार बोथट करण्याचाच प्रयत्न केला आहे, असे माझे मत आहे. पुढची तारीख हाती नसताना आज्ञेत राहणे, हा त्याच्या मनुष्यपणाचा भाग होता. लूकही सांगतो, की तो ज्ञानाने वाढत गेला. आणि जो वाढतो, त्याला आधी काहीतरी ठाऊक नसते.

दुसरा वाद सातव्या शतकातला. ख्रिस्ताला मनुष्याची वेगळी इच्छा होती का, असा प्रश्न उठला. राजकीय सोयीसाठी ‘एकच इच्छा’ मान्य करा, असा कॉन्स्टँटिनोपलच्या बादशाहाचा दबाव होता. मॅक्सिमस नावाचा वृद्ध संन्यासी अडून बसला. त्याचा आधार होता क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्रीची, गेथशेमाने बागेतील येशूची प्रार्थना: ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर.’ ही इच्छा मनुष्याचीच आहे आणि ती पापी नाही, असे तो म्हणाला. मरण नको वाटणे हा विश्वासाचा अभाव नव्हे, कारण ते खुद्द प्रभूलाही नको वाटले होते. या हट्टापायी त्याची जीभ आणि उजवा हात कापण्यात आला आणि 662 मध्ये तो हद्दपारीतच मरण पावला. पुढे 681 च्या परिषदेने त्याचीच शिकवण खरी ठरवली.

आपले यजमान ‘पुढच्या स्कॅननंतर बघू’ असे म्हणतात, तेव्हा त्यांचा विश्वास कमी पडतो आहे, असे कोणी सुचवले तर कृपया ऐकू नका.

उत्तर: वसईकर

पाळकसाहेबांनी तत्त्वाची बाजू मांडली आहे. मी घरातली बाजू मांडतो.

येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमेच्या मंदिरात हरवतो, त्या प्रसंगानंतर शुभवर्तमानांत संत योसेफ कोठेही समोर येत नाही. काना गावच्या लग्नात नाही, क्रुसापाशी नाही. तोवर त्याचे निधन झालेले असावे, असे आमची परंपरा मानते. येशू आणि मरिया उशाशी असताना त्याला मरण आले, या भावनेने आम्ही कॅथलिक लोक चांगल्या मरणासाठी संत योसेफाची मध्यस्थी मागतो. ही परंपरा आहे, शास्त्रातील नोंद नव्हे. पण ती मानली, तर पुढे अनेकांना बरे करणाऱ्याच्या स्वतःच्या घरात एक आजारपण होऊन गेले असेल आणि ते मरणानेच संपले असेल. नासरेथमध्येही कोणीतरी रात्री उठून त्या माणसाचा श्वास चालू आहे ना, हे पाहिले असेल.

मिस्सेत विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणताना ‘तो मनुष्य झाला’ या शब्दांपाशी आम्ही एरवी मस्तक लववतो; पण नाताळाच्या दिवशी आणि देवदूताने मरियेला ख्रिस्तजन्माचा संदेश दिला त्या 25 मार्चच्या सणाला त्याच शब्दांपाशी सगळे चर्च गुडघे टेकते. वर्षभर तोंडपाठ झालेले वाक्य एकदम थांबते, बाकांचा आवाज होतो, म्हाताऱ्या बायका पुढच्या बाकाला धरून खाली वाकतात, लहान मुलांना मागून कोणीतरी खांदा दाबून बसवते. पुनरुत्थानाच्या वाक्यावर आम्ही असे करत नाही. आमचे एक फादर म्हणत, की देहधारण हे पुनरुत्थानाचे आधीचे प्रकरण नसून त्याचे मूळ आहे: उठायला आधी देह हवा.

उत्तर: साशंक

मी ख्रिस्ती घरात वाढलो असलो, तरी आता मंडळीत जात नाही. ताईंच्या दुःखावर वाद घालण्याची माझी इच्छा नाही. परंतु प्रश्न प्रामाणिकपणे विचारला आहे, म्हणून आक्षेपही प्रामाणिकपणे नोंदवतो.

मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात स्वप्नात सूचना मिळते आणि योसेफ रातोरात बाळाला व त्याच्या आईला घेऊन मिसर देशात जातो. ते बाळ वाचते. मागे राहिलेल्या बेथलेहेमातील दोन वर्षांच्या आतील मुलगे हेरोद राजा मारून टाकतो. त्यांच्या बापांना कोणतेही स्वप्न पडले नव्हते. देव मनुष्य होऊन आला, या बातमीचा त्या गावाला पहिला अनुभव हा आला. तिथल्या एखाद्या आईला तुम्ही देहधारणातील आशा कशी समजावून सांगणार? नाताळाच्या नाटकात हेरोद मिशा लावून येतो, लोक हसतात आणि हा प्रसंग मात्र गाळला जातो.

उत्तर: निवृत्त पाळक, अहिल्यानगर

आपण म्हणता ते खरे आहे. अनेक मंडळ्यांमध्ये 28 डिसेंबर हा त्या निष्पाप बालकांचा स्मरणदिन आहे, परंतु तोवर आपल्याकडे नाताळाच्या सुट्ट्या रंगात आलेल्या असतात आणि त्या दिवसाकडे कोणी वळत नाही.

त्या आईला समजावून सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही, आणि मत्तयाकडेही नव्हते, असे मला वाटते. तो तिथे यिर्मया संदेष्ट्याचे वचन घालतो: इस्राएलाची पूर्वजमाता राहेल आपल्या मुलांसाठी रडत आहे आणि ती सांत्वन पावत नाही, कारण ती आता नाहीत. यिर्मयाच्या ग्रंथात या ओळीच्या लगेच पुढे ‘रडणे आवर, तुझी मुले परत येतील’ असे अभिवचन आहे. मत्तयाला ते नक्कीच ठाऊक होते. तरीही तो ते घेत नाही. ख्रिस्तजन्माच्या वृत्तान्ताच्या मधोमध त्याने त्या आईला रडू दिले आहे. जे अभिवचन त्याने इथे रोखून धरले, ते मला त्याच्या पुस्तकाच्या शेवटी, रिकाम्या कबरेपाशी सापडते. मधल्या पानांवर नाही. आपल्याला हे उत्तर अपुरे वाटेल. मलाही ते पूर्ण वाटत नाही.

आता ताईंचा मूळ मुद्दा. देहधारण ही होऊन गेलेली गोष्ट आहे, असे त्यांनी लिहिले, आणि माझी हरकत नेमकी तिथे आहे. देवाच्या पुत्राने तेहतीस वर्षांपुरता देह घेतला आणि काम झाल्यावर तो ठेवून दिला, अशी आपल्यापैकी पुष्कळांची नकळत समजूत असते. शास्त्र तसे सांगत नाही. पुनरुत्थानानंतर तो शिष्यांसमोर मासा खातो. थोमाला जखमा दाखवतो, म्हणजे त्या पुसल्या गेलेल्या नाहीत. आणि त्याच देहाने वर घेतला जातो. पुढे कित्येक वर्षांनी लिहिलेल्या तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात मध्यस्थ म्हणून ‘मनुष्य ख्रिस्त येशू’ असा उल्लेख येतो, तोही वर्तमानकाळात. देहधारण चालू आहे. जखमांच्या खुणा असलेला एक मनुष्यदेह आज देवाजवळ आहे, आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय त्याला ‘अग्रेसर’ म्हणतो, म्हणजे मागून येणाऱ्यांसाठी पुढे गेलेला. तिथेच आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. वाऱ्याने नाव हलायची ती हलतेच, पण नांगर मंदिरातील पडद्याच्या आत, म्हणजे देवाच्या सान्निध्यात, त्या अग्रेसरापाशी रुतलेला आहे.

पुढचा अहवाल कसा येईल, हे यातून कळत नाही. तो कसाही आला तरी ज्या देहाचा तो अहवाल आहे, तो देह देवाच्या लेखी टाकाऊ नाही, एवढे कळते. आजाऱ्याची उशी बदलणे, डबा नेणे, नळ्या सांभाळत अंघोळ घालणे ही कामे त्यामुळे ‘आत्मिक’ गोष्टींच्या खालच्या पायरीवरची राहत नाहीत.

उत्तर: केडगाव परिसरातील वाचक

पंडिता रमाबाईंचा उल्लेख इथे व्हावा, असे वाटते. त्यांना आपण केवळ केडगावच्या ‘मुक्ती’ मिशनच्या संस्थापक म्हणून ओळखतो. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी पटकीने गेले आणि कडेवर लहानगी मनोरमा राहिली. 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यानंतरही ख्रिस्ताचे देवत्व आणि त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) यांवर त्यांनी वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन आणि इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून जोरदार वाद घातला. पटल्याखेरीज मान डोलवायची नाही, हा त्यांचा स्वभावच होता. पुढे भारतात परतल्यावर, ख्रिस्ताशी आपले नाते जुळले ते मतांच्या पलीकडे जाऊन, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे.

1896 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणल्या, तेव्हा त्या प्रदेशात त्यांनी जे पाहिले, ते त्यांच्या ओळखीचे होते. त्या स्वतः त्यातून चालत आल्या होत्या. देव भुकेल्या देहाच्या आत येऊन राहिला, हे त्यांनी केडगावात अंगण झाडून, दळण दळून आणि आजारी मुलींची शुश्रूषा करून मांडले. त्यांनी स्वतः केलेले बायबलचे मराठी भाषांतरही तिथेच, मुलींच्या हातून छापले गेले. 1921 मध्ये, जिच्यावर पुढचे सारे सोपवायचे होते ती मनोरमा त्यांच्याआधी गेली, आणि नऊ महिन्यांच्या आत, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाईही गेल्या. मुलीच्या मरणानंतरच्या त्या महिन्यांतही भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. अनिश्चिततेचा शेवट त्यांच्या बाबतीत गोड झाला नाही, हे मुद्दाम लिहीत आहे, कारण अशा चर्चांत साक्षी बहुधा बरे झालेल्यांच्याच असतात.

प्रतिसाद: पुण्यातील शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. पाळकसाहेब, देहधारण चालू आहे, ही गोष्ट मी अशी कधी ऐकली नव्हती. साशंक यांचेही आभार. आमच्या घरात तो प्रश्न अनेकदा मनात येतो, पण तोंडून बाहेर पडत नाही.

आज मी हे सारे यजमानांना वाचून दाखवले. ते बराच वेळ मॅक्सिमसविषयीच बोलत राहिले. पुढच्या आठवड्यात स्कॅन आहे. आदल्या संध्याकाळी घरी लहानशी प्रार्थना ठेवावी, असे त्यांनीच सुचवले; मात्र लांबलचक उपदेश नको आणि ‘सर्व ठीक होईल’ असे कोणी म्हणायचे नाही, अशी अट घातली आहे. कोणता भाग वाचावा?

उत्तर: निवृत्त पाळक, अहिल्यानगर

इब्री लोकांस पत्र, अध्याय दुसरा, ओवी चौदा ते अठरा. मरणाच्या भयाने जन्मभर दास्यात राहिलेल्या माणसांचा उल्लेख त्यात स्पष्ट शब्दांत आहे, म्हणून भीतीविषयी कोणाला वेगळे बोलावे लागणार नाही. अठराव्या ओवीनंतर थांबावे आणि काही क्षण शांत बसून ‘हे आमच्या पित्या’ म्हणावे. मुलीला वाचू द्या; तिला काहीतरी करायला मिळणे गरजेचे आहे. आणि शक्य असेल तर तिचा प्रवेश अर्ज त्या प्रार्थनेच्या आधीच भरून टाका.