इजिप्तची वृत्तपत्रे कोणी दुबळी केली: सेन्सॉरने की सरकारी मालकीने?

नाईलकाठ (धागाकर्ता): इजिप्तमधील वृत्तपत्रांवरच्या निर्बंधांची चर्चा नेहमी सेन्सॉरभोवती फिरते, माझ्या मते खरा घाव मालकीवर पडला. १८८१ च्या प्रकाशन कायद्याने सरकारला सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली वृत्तपत्र बंद करता येत असे, तरीही ब्रिटिशांच्या ताब्यातील कैरोत राष्ट्रवादी नेते मुस्तफा कामिल यांचे 'अल-लिवा' ब्रिटिशांवरच तुटून पडत होते. मे १९६० मध्ये राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या कायदा क्रमांक १५६ मुळे मात्र, तकला बंधूंनी १८७५ मध्ये स्थापन केलेल्या 'अल-अहराम'सह बड्या वृत्तपत्रसंस्थांची मालकी 'नॅशनल युनियन' या एकमेव अधिकृत राजकीय संघटनेकडे गेली आणि संपादकपद ही सरकारी नेमणूक झाली.

जुनी_शाई: सहमत नाही. खासगी मालकीचे एवढे कौतुक कशाला? 'अल-मुकत्तम' खासगीच होते आणि उघडपणे ब्रिटिशांची तळी उचलत होते. वफ्द पक्षाची बाजू मांडणारे 'अल-मिस्री' १९५४ मध्ये बंद पाडले गेले, तेव्हा राष्ट्रीयीकरणाला सहा वर्षे अवकाश होता. उलट सरकारी मालकीच्या 'अल-अहराम'मधला संपादक हैकल यांचा शुक्रवारचा लेख सारे अरब जग वाचत असे.

नाईलकाठ: 'अल-मिस्री' बंद झाल्याचे वाचकाला निदान कळले, १९६० नंतर नाव तेच राहिले आणि धनी बदलला. हैकल यांचा दर्जा मान्य आहे, पण त्यांचे वजन नासर यांच्याशी असलेल्या मैत्रीतून आले होते. फेब्रुवारी १९७४ मध्ये नासर यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी पूर्व-सेन्सॉरशिप (छापण्याआधीची तपासणी) उठवली आणि त्याच महिन्यात हैकल यांना 'अल-अहराम'मधून घरी बसवले. सेन्सॉर गेल्याने सादात यांचे काहीच अडले नाही.

वाळवंटी_वारा: आपण दोघेही छापील कागदातच अडकला आहात. २०१८ च्या कायदा क्रमांक १८० नुसार पाच हजार वा अधिक अनुयायी असलेले व्यक्तिगत खातेसुद्धा माध्यम नियामक परिषद बंद करू शकते. 'मदा मस्र' हे संकेतस्थळ सरकारी मालकीचे नाही, तरी मे २०१७ मध्ये ते इजिप्तमध्ये रोखले गेले.

नाईलकाठ: मुद्दा रास्त आहे, पण ऑगस्ट २०१२ आठवा. राष्ट्राध्यक्ष मुबारक यांची सत्ता गेली होती, निवडणुका झाल्या होत्या; तरीही सरकारी वृत्तपत्रांचे नवे संपादक नेमले ते मुस्लिम ब्रदरहुड या इस्लामी संघटनेचे बहुमत असलेल्या शूरा परिषदेनेच (संसदेच्या वरिष्ठ सभागृहानेच). विरोधात असताना याच वृत्तपत्रांकडून झोडपून निघालेल्यांनी सत्ता येताच नेमणुकीचा अधिकार सोडला नाही, वापरला.

जुनी_शाई: मग सरकारी वृत्तपत्रे विकायची म्हणता का? एवढी मोठी संस्था विकत घेण्याची ऐपत असलेला, पण सरकारी कंत्राटांवर अवलंबून नसलेला एक तरी उद्योगपती आधी कैरोत दाखवा.