दोन कुर्ल्या, दोन जाती की नर-मादी?

काल म्हापशाच्या बाजारातून खाडीच्या दोन कुर्ल्या आणल्या, एकीचे डेंगे (नांग्या) लालसर, दुसरी हिरवट नी अंगाने मोठी, विकणारी मावशी म्हणते एकाच मानशीवरच्या (खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारावरच्या). नर-मादी असतील का?

> उलटी करून बघ रे. पोटावरची झडप निमुळती त्रिकोणी तर नर, रुंद गोल तर मादी. मोठ्या नराचे डेंगे जास्त दांडगे.

> त्याने जात नाही कळणार. डोळ्यांच्या मधले दात उंच टोकदार आणि डेंग्याच्या मनगटावर बाहेरून दोन धारदार काटे असतील तर सिला सेराटा ही जात, दात बुटके गोलसर नी काटे नावापुरते तर सिला ऑलिव्हेसिया ही दुसरी जात. नुसत्या रंगावर जाऊ नको, फसशील. १९९८ मध्ये कुठे सिला गटातल्या, म्हणजे या खाडीच्या कुर्ल्यांच्या, चार जाती नीट वेगळ्या केल्या.

> बघितलं, दोघेही नरच! लालवाल्याचे दात बुटके. आईने तोवर शागुतीचं वाटण लावलंय.